काळ्या कुरडया

३ एप्रिल १९५६, मंगळवार

पुन्हा काळ्या!

तीन दिवस गहू भिजवले, वाटले, चीक काढला, हात भरून येईपर्यंत घोटला. सोऱ्या दाबून दाबून खांदा गेला. आणि दुपारी अंगणात जाऊन बघते तर प्रत्येक कुरडईवर काळे ठिपके! फुंकर मारली तर ठिपका पसरतो, पुसायला गेलं तर कुरडई मोडते. उद्धवरावांची वीटभट्टी पेटली की आमच्या आळीचं हे असं. भट्टी नदीकाठी, गावाच्या पश्चिमेला. उन्हाळ्याचा वारा तिकडूनच सुटतो आणि सगळा धूर आमच्या अंगणात येऊन बसतो, हळदीकुंकवाचं बोलावणं गेल्यासारखा.

सासूबाई काठी टेकत आल्या. एक कुरडई उचलून उजेडाकडे धरली. "गाईला घाल. आन् कुणाला दावू नगंस."

झालं! चिंचवडात त्यांच्या हातच्या कुरडईचं नाव आहे. लग्नाकार्याला लोक मागून नेतात. डागाची कुरडई उंबरा ओलांडून बाहेर गेली तर त्यांच्या लेखी घराण्याचं नाक गेलं. आणखी काही बोलणार होत्या, पण खोकला आला. चौकट धरून उभ्या राहिल्या, कितीतरी वेळ. दमा जुनाच, पण भट्टी आल्यापासून तो त्यांना सोडत नाही. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "पानी नको. चीक जरा जास्त शिजवलास तू." मेलं, श्वास नाही पण टोमण्याला कमी नाही!

५ एप्रिल

गाईनेसुद्धा खाल्ल्या नाहीत.

८ एप्रिल, रविवार

देवळात धुरासाठी सभा. ही सभा व्हावी म्हणून मी ह्यांच्या मागे महिनाभर लागले होते. हे शाळेचे हेडमास्तर, म्हणून अध्यक्ष हेच. आणि शाळेच्या दोन नव्या खोल्या उद्धवरावांनी दिलेल्या विटांच्या! म्हणजे अध्यक्षांचं तोंड आधीच शिवलेलं.

बायकांना जागा खांबाआड. पुरुष पुढे, उद्धवराव खुर्चीवर. पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहतायत, त्यांना विटा लागतात, आपल्या गावच्या विटा, केवढा मान — असं बराच वेळ चाललं. मग रंगराव सरपंच उठले. "धुराचा एक फायदा मान्य कराया पायजे. डास कमी झाल्यात." माना डोलल्या. उद्धवराव हसून म्हणाले, "अहो, धूर वर जातो. वरचं काय ते देव बघतो."

मला राहवलं नाही. खांबाआडून म्हटलं, "देवाला नको असतो म्हणून तो परत खाली पाठवतो!"

बायका फिदीफिदी हसल्या. ह्यांचे कान लाल झाले. शेवटी सभेने एकमताने ठराव केला — कशाचा? शाळेच्या तिसऱ्या खोलीला विटा देऊ केल्याबद्दल श्री. उद्धवराव यांचे आभार! वाचला ह्यांनीच, खणखणीत आवाजात.

जेवताना मी ह्यांच्या पानात ती ठिपक्यांची कुरडई तळून वाढली. एक तुकडा तोंडात टाकून विचारतात, "यात मिरी घातलीयस का?"

"नाही. उद्धवरावांचे आभार घातलेत."

मग आमटीभात कालवून जेवले. कुरडई मात्र पानात तशीच.

१० एप्रिल, मंगळवार

मला एक सुचलंय! झोप येईना म्हणून नव्हे, भाकऱ्या थापताना सुचलं.

उद्धवरावांचं घर निगडीच्या रस्त्याला, भट्टीच्या पलीकडे. वारा तिकडून इकडे, म्हणून त्यांच्या अंगणात धुराचा एक कण जात नाही. त्यांच्या कुसुमताईंना तर ठाऊकही नसेल की त्यांच्या धुराला इतकी माणसं सांभाळतायत. तेव्हा दाखवायचं! पाडव्याला आळीतल्या प्रत्येक घरातून एक ताट. ताटात त्या त्या घरचं काळ्यातलं काळं वाळवण. सणाला सवाष्णीने धाडलेलं ताट कोणी परत पाठवत नाही, आणि आलेल्या माणसासमोर उघडल्याशिवाय ठेवून घेत नाही. उघडू देत मग.

आधी शेजारच्या नजमुन्निसाला सांगितलं. तिचा बरकत स्टेशनवर टांगा चालवतो. ती रमजानसाठी शेवया करून दोरीवर वाळत घालते. त्यासुद्धा काजळ लावल्यासारख्या झाल्यात. तिने ताबडतोब टांगा देऊ केला, बरकतभाईंना न विचारता. मग कोपऱ्यावरच्या सुमनताई. मग सगळी आळी. सगळ्या हो म्हणाल्या! "बगूच द्यात की त्येंना!" असं म्हणत पदर खोचले.

सासूबाई वाती वळत ऐकत होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

१२ एप्रिल, गुरुवार. पाडवा

ताटं गेली! वर भरतकामाचे रुमाल झाकून, टांग्यातून, वरातीसारखी. आता बघू.

१३ एप्रिल, शुक्रवार

उद्धवराव स्वतः आले. सकाळीच. मी मनात उत्तरांची उजळणी करून दारात उभी राहिले, पदर घट्ट.

तर हात जोडून म्हणतात, "वहिनी, काय त्या कुरडया! पांढऱ्याशुभ्र! आणि त्या शेवया! आमची ही तर बघतच राहिली. लेकीच्या रुखवतात ह्याच मांडायच्या म्हणते." आणि पेढे देऊन गेले!

पांढऱ्याशुभ्र?

तशीच सुमनताईंकडे गेले. खाली मान घालून म्हणाल्या, "अवो, एवढ्या मोठ्या घरी काळं कसं धाडायचं? मागल्या सालच्या डब्यात होत्या, त्या काढल्या." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. एकीने तर माहेराहून मागवल्या! नजमुन्निसाकडे गेले तर ती ओढणीत तोंड लपवून हसते आहे. "भाभी, काळ्या शेवया कैशा पाठवू? लोक बोलतील ना, नजमुन्निसाचा हात बिघडला!"

अख्ख्या आळीने आपापलं नाक वाचवलं आणि उद्धवरावांची भट्टीही! धुराने आमचं काही वाकडं होत नाही, याचा पुरावा आम्हीच टांग्याने घरपोच केला.

घरी येऊन म्हटलं, निदान आपलं एक ताट तरी काळं होतं. सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "न्हवतं."

"म्हणजे?"

"पाडव्याचं ताट काळं जातंय व्हय गं? माझ्या घरातून? घरच्यासाठी थोड्या माजघरात वाळवल्या व्हत्या फडक्याखाली, त्या घातल्या. तू न्हायाला गेलीस तवा."

मी कपाळाला हात लावून खाली बसले आणि हसायलाच लागले. त्याही हसायला लागल्या. दोघी सासूसुना इतक्या मिळून हसलो असू असं मला आठवत नाही. मग त्यांच्या हसण्याचा खोकला झाला. तो काही केल्या थांबेना.

१६ एप्रिल, सोमवार

आज सकाळी तुळशीला पाणी घालताना सासूबाई खालीच बसल्या. ओठ निळे. तोंडाने श्वास ओढतायत आणि तो आत जात नाहीये. मी पाठ चोळत होते आणि तोंडाने काय काय बोलत होते, मलाच कळत नव्हतं.

डॉक्टरांनी सुई टोचली. उतार पडल्यावर ह्यांना ओसरीवर नेऊन म्हणाले, "धुरातून बाहेर काढा. इथेच राहिल्या तर पुढचा उन्हाळा बघतील असं मी सांगू शकत नाही." हे टोपी हातात घेऊन बसून राहिले. आभाराचे ठराव वाचणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

भोसरीला धाकटे दीर आहेत, मालोजी. शेतावर घर, मोकळी हवा. तिकडे न्यायचं ठरलं.

सासूबाई म्हणतात, "मी न्हाई जात. माजी तुळस हितं हाय." मग हळूच, "आन् हिला चीक जमत न्हाई अजून."

१८ एप्रिल

भाऊजी बैलगाडी घेऊन आले. गादी घातली, वर चादर बांधली. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आशीर्वाद देतायत.

"सोऱ्याला तेल लावून ठेव. गंजंल."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. लग्न होऊन आल्यापासून देवाकडे मागत होते, घटकाभर शांतता दे. दिली त्याने.

२० एप्रिल

आमटीत मीठ जास्त पडलं. कोणी काही बोललं नाही. रडूच आलं.

२३ एप्रिल, सोमवार

रडून झालं. आता पुढचं.

चूक कुठे झाली ते समजलं. बाई जीव देईल, पण आपल्या हातचं काळं दुसऱ्याच्या घरी देणार नाही. मग आपल्या हातचं काही न्यायचंच नाही! त्यांनाच इकडे आणायचं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू माझ्याकडे, शुक्रवारी. कुसुमताईंना मानाचं बोलावणं. सवाष्ण असं बोलावणं मोडत नाही. बसायला सतरंजी नाही — प्रत्येकीने घरून एक पासोडी आणायची, पांढरी, नीळ घालून धुतलेली. निघताना पांढरीच असेल, तेव्हा नाक शाबूत. पुढचं काम वारा करील!

नजमुन्निसा म्हणाली, "भाभी, तुम्ही शैतान आहे." मी म्हटलं, मी हेडमास्तरांची बायको आहे, तेच ते.

आणखी एक केलं. भट्टीवर जाळ घालणाऱ्या कोंडाजीच्या बायकोलाही कुंकवाला बोलावलं. नवी भट्टी कधी पेटवणार, ते तिने आपण होऊनच सांगितलं. शुक्रवारी सकाळी! गौरच पावली म्हणायची.

२७ एप्रिल, शुक्रवार

रात्र फार झालीय. पण लिहितेच.

गौर अंगणात मांडली. घरात उकडतं, असं सांगितलं. कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, पन्हं. आरास दरवर्षी सासूबाईंची असते; त्यांना कुंकू नाही, पण गौर सजवावी ती त्यांनीच. माझी आरास एका बाजूला कलली होती. पासोड्या मात्र अशा पांढऱ्या की डोळे दिपावेत. सगळं अंगण पांढरं!

कुसुमताई आल्या. मोतिया रंगाचं लुगडं, नाकात टपोरी नथ. मधोमध बसवलं. समोर नदीकाठी धूर उठलाच होता. आता फक्त वेळ काढायचा. म्हणून मी उखाण्यांचा आग्रह धरला. सुमनताईंनी इतका लांब उखाणा घेतला की नवऱ्याचं नाव येईपर्यंत त्यांचं सगळं सासर, देवघर आणि म्हैस येऊन गेली. नजमुन्निसाचा रोजा, ती मोगरा वाटत फिरत होती आणि मला डोळ्यांनी दाखवत होती — पडतंय, पडतंय!

कुसुमताईंनी पन्ह्यात डोकावून विचारलं, "वेलदोडा का हो हा?"

"नाही. तुमची भट्टी."

त्या हसल्या. थट्टाच वाटली असेल. मग खोकल्या. मग रुमाल नाकाला लावला आणि खाली धरून बघितला. तरी बिचाऱ्यांनी रीत सोडली नाही. ओटी भरली, नमस्कार केला आणि जायला उठल्या.

आणि त्या उठल्या तिथे, करड्या पासोडीवर, त्यांच्या बैठकीचा स्वच्छ पांढरा ठसा! चांगला ऐसपैस.

कोणीतरी खुसकन हसलं. मग सुमनताई उठल्या, त्यांचा ठसा. मग एकेक करून सगळ्या उठल्या. अंगणभर पांढऱ्या बैठका आणि बाकी सगळं काळपट. कुसुमताई बघत राहिल्या. हसणं थांबलं.

"हे रोज?" त्यांनी विचारलं. "आणि सावित्रीबाई कुठे? आरास त्यांची दिसत नाही."

मी टोचून बोलायचं एक वाक्य तयार ठेवलं होतं. चार दिवस घोटलेलं. ते आठवेचना. "भोसरीला," म्हटलं. "इथे त्यांना श्वास घेता येत नाही." आणि सगळ्यांसमोर, गौरीपुढे, मी रडले. हे ठरलेलं नव्हतं.

कुसुमताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग स्वतः वाकून ती पासोडी उचलली, घडी घातली आणि काखेत मारली. "ही मी नेते," म्हणाल्या. कोणाची परवानगी नाही, काही नाही.

२९ एप्रिल, रविवार

बरकतभाई निगडीची सवारी सोडून आले ते हसत हसतच. कुसुमताईंनी पासोडी घराच्या पुढच्या कठड्यावर लटकवलीय! उद्धवरावांकडे ठेकेदार येतात, साहेब येतात, विचारतात हे काय. कुसुमताई आतून सांगतात, "आमची बैठक. वाळत घातलीय." उद्धवरावांनी काढून टाकली तर पुन्हा घातली, म्हणे. आणि जेवायला वाढलं नाही!

आम्हीही मागे कशा राहू? सगळ्या पासोड्या स्टेशनच्या रस्त्याला दोऱ्या बांधून टांगल्या. धुवायच्या नाहीत, अशी शपथ. पुण्याची गाडी चुकलेला प्रत्येक माणूस तिथे उभा राहून विचारतो. आणि सांगायला आम्ही आहोतच.

३० एप्रिल

रंगराव सरपंचांच्या घरचीही लागली! डासांचं काय झालं, विचारावंसं वाटतंय.

४ मे, शुक्रवार

जिंकलो!!

उद्धवराव शाळेत आले आणि ह्यांना म्हणाले, "मास्तर, आता पुरे. आधी त्या चादरी उतरवा आणि माझं जेवण सुरू करा." पेटलेली भट्टी विझली की इथला गाशा गुंडाळणार. दुसरीकडे लावतो म्हणाले, माळावर, वस्तीपासून लांब. पावसाच्या आधी तिथे एक भट्टी काढायचीच आहे म्हणून घाई. ह्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी ह्यांना चक्क हळदीकुंकू लावलं.

संध्याकाळी देवळात पुन्हा सभा. पुन्हा ठराव. पुन्हा श्री. उद्धवराव यांचे आभार! बायका पुन्हा खांबाआड. पण ह्यांनी कागद खाली ठेवला आणि मान वळवून आमच्याकडे बघून म्हणाले, "आणि ज्यांनी पासोड्या आणल्या, त्यांचेही." आवाज जरा कापरा होता. रात्री ह्यांना साजूक तूप जास्त वाढलं.

माळ कुठला, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. माळ कुठलाही असो, आमचा धूर गेला!

१३ मे, रविवार. अक्षय तृतीया

काल नजमुन्निसाची ईद झाली. शीरखुर्म्यातल्या शेवया अशा पांढऱ्या की तिने मला वाटीत बोट घालून दाखवल्या. गौर आज बोळवली. अंगणात उभी राहून पोटभर श्वास घेतला. हवेला नुसता मोगऱ्याचा वास. इतके दिवस मोगरा फुलत होता, तो जात कुठे होता?

सासूबाईंना आणायला हे उद्याच निघणार होते. पण भोसरीहून निरोप आला. जाऊ बाळंतीण आहे, तिला काही काम होत नाही. म्हणून तिच्या घरचं वाळवण उरकूनच येते, म्हणतात. बरं वाटतंय म्हणे. टोमणेही मारतायत, असं बरकतभाई सांगत होते. म्हणजे खरंच बरं आहे.

सोऱ्या काढून बघितला. तेल लावलेलं आहे. गंजला नाही.

२२ मे, मंगळवार

बरकतभाई भोसरीच्या बाजारातून येताना डबा घेऊन आले. सासूबाईंनी पाठवलेला. झाकण काढलं.

कुरडया. त्यांच्याच हातच्या, तोच बारीक पीळ. काळ्या कुळकुळीत.

भाऊजींनी घरामागचा पडीक माळ उद्धवरावांना दिलाय — आईला लवकर आपल्या घरी जाता यावं म्हणून! भट्टी चार दिवसांपूर्वी पेटली. जावेचं तान्हं खोकतंय.

बरकतभाईंनी निरोप जसाच्या तसा सांगितला: "इंदूला म्हनावं, मला न्यायला यिऊ नगंस. पासोड्या घिऊन ये."